तळटिपेतली आई

“आजी, पुस्तक घेता का? सर सही करून देतील,” दारातल्या मुलीनं विचारलं. मी एक प्रत घेतली आणि भाची मयुरीला घेऊन मागच्या रांगेत बसले.

व्यासपीठावर उकंडराव सर शालीखाली घामेजले होते. पुस्तकाचं नाव ‘अठराव्या शतकातील आयर्लंड : व्यापार आणि चलन’. चाळीस वर्षांपूर्वी, याच खामगावात, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता आणि सर माझे मार्गदर्शक. हस्तलिखित तपासायला नेलं आणि दोन वर्षांनी म्हणाले, “हरवलं ते, सिंधू. तसंही तुले आयर्लंडशी काय करायचं हाये?” मी दुसरी प्रत केलेली नव्हती. पुन्हा लिहायचा धीर झाला नाही. वडनेर भोलजीच्या शाळेत भूगोल शिकवून मी निवृत्त झाले.

पानं चाळली. वाक्यं माझीच होती. तिकडं टांकसाळ नव्हती, सुटी नाणी मिळत नसत. मग व्यापारी स्वतःचे बिल्ले पाडत आणि मजुरीही त्यांतच देत. त्यावर चिडून तिथल्या लोकांनी पत्रकं छापली होती. ती वाचताना मला माझी आई आठवली होती. पहाटे जिनिंगचा भोंगा वाजला की ती कापसातली कवडी, म्हणजे किडका, डागाळलेला कापूस, वेचायला पळायची. मालक मजुरीत पत्र्याचे बिल्ले द्यायचा. ते फक्त त्याच्याच दुकानात चालत, आणि तिथली ज्वारी किडकी असे.

पान एकशे बारा, तळटीप : ‘प्रस्तुत लेखकाच्या आईला जिनिंगमध्ये मजुरी म्हणून असेच बिल्ले मिळत.’

माझीच तळटीप सरांनी न वाचताच उतरवली होती.

प्रश्न विचारा म्हटल्यावर मी उभी राहिले.

“मावशी, बस ना वं. लोकं पाहून राह्यले,” मयुरीनं पदर ओढला.

“सर, एकशे बाराव्या पानावर तुमच्या आई आहेत. कोणत्या जिनिंगमध्ये होत्या त्या?”

सरांनी पान काढलं. पहिल्या रांगेत त्यांचे धाकटे भाऊ गणेशराव बसले होते. साठ एकरांचे मालक. त्यांनीही पान उघडलं.

“दादा, हे काय लिवलं? आपली माय अन् जिनिंगमंदी?”

“छपाईची चूक आहे,” सर म्हणाले.

“मंग छापणाऱ्याची माय होती का?” मी विचारलं. मागं कुणीतरी हसलं.

“बाई, तुम्ही बाहेर चला,” संयोजक धावत आले.

“जाईन. पहिले सरांना सांगू द्या. यांच्या आईनं बिल्ल्यांवर मजुरी केली, की हे लिखाण दुसऱ्याचं आहे?”

गणेशरावांचे कान लाल झाले होते. “दादा, बोल ना! गावात तोंड कसं दाखवाचं?”

“आपल्या घरच्या बाया जिनिंगमंदी जात नसतात!” सर माइकवर ओरडले. “ते हिच्या मायचं हाये. हिचंच लिहेल हाये हे सारं.”

“कोणाचं?” संयोजकांनी विचारलं.

“सिंधूचं.”

चाळीस वर्षांनी त्यांनी माझं नाव घेतलं. मग खिशातून रुमाल काढला आणि तोंड पुसलं.