झऱ्याचा पत्ता

…आणि मागची टाचणीही गंजलेलीच. रुपयाएवढा पत्र्याचा बिल्ला, वरचा निळा रंग पोपडे धरून उठलेला, आणि विश्राम तो अंगठ्याच्या नखानं खरवडत बसला होता. नकाशावाल्या कंपनीनं पाठवला होता, 'आमचा विश्वासू वाटाड्या' म्हणून. टपालानं नव्हे, कुरिअरनं! बत्तीस वर्षं टपाल वाटलेल्या माणसाला हे तेव्हाच खटकायला हवं होतं. पण तेव्हा तो घोटावड्यात घरोघर बिल्ला दाखवत फिरला होता, आणि सुनेनं, शुभांगीनं, हसू दाबत तो त्याच्या शर्टाला लावूनही दिला होता.

आज सकाळी मोबाईलवर परत तेच उत्तर. आपली सूचना स्वीकारता आली नाही, सहकार्याबद्दल आभार. पाचव्यांदा आभार. आभार मानणारा कोण, कुठं बसतो, त्याला आईबाप आहेत की नाहीत, काही कळायला मार्ग नाही.

बिल्ला खिशात टाकून तो धनगरवस्तीची चढण चढू लागला. ही वाट त्यानंच मोबाईलमधल्या नकाशावर काढली होती, निवृत्तीनंतरच्या रिकाम्या दुपारी, एकेक वळण बोटानं गिरवत. फुकट. कारण त्याला वाटलं होतं, हे टपालासारखंच असणार – सगळ्यांचं, कुणा एकाचं नाही, वाट चुकलेल्याला दवाखाना सापडावा म्हणून कुणीतरी चालवलेलं. तसं कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मी आपला धरून चाललो… दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. इथं फुंकायला ताकही उरलं नव्हतं.

वळणावरून झरा दिसला. भोवती तारेची जाळी, इंग्रजी पाटी, दगडांवर शाम्पूच्या पुड्या. विश्रामनं नकाशावर घातलेलं 'तुकाबाईचा झरा' हे नाव पुसून खालच्या रिसॉर्टनं आपलं नाव लावलं होतं, जाहिरातीसकट, आणि कंपनीला ते लगेच पटलं होतं; झरा नकाशावरून काढून टाका, ही विश्रामची सूचना मात्र पाचही वेळा पटली नव्हती. शनिवार-रविवारी मोटारींची रांग लागते. मेंढरं त्या पाण्याला तोंड लावत नाहीत.

आणि हे पाणी त्याला दाखवलं कुणी? एका मे महिन्यात, टपालाची पिशवी खांद्यावर, भोवळ येऊन तो इथंच पडला होता, तेव्हा वस्तीवरच्या तुकाबाईनं दंडाला धरून झऱ्यावर नेलं होतं. "हितलं पानी आमी परक्याला दावत न्हाई," ती म्हणाली होती. त्याला ते वेगळं सांगायला नको होतं. वस्तीवरच्या कुणाचं घर परक्यानं विचारलं तर तो आधी त्या घरी जाऊन विचारी, मगच पत्ता सांगे. सावकार असो की फौजदार. बत्तीस वर्षं पाळलं… आणि एका बिल्ल्यापायी… नाही, तेव्हा बिल्लाही नव्हता, नुसतं शाबासकीचं एक वाक्य होतं.

तुकाबाई झोपडीपुढं करडाला पाला चारत होती. "या, पोस्टमन भाऊ."

"नाथा कुठंय?" विश्रामनं तिच्या मुलाची चौकशी केली.

"मेंढरं घिऊन पौडाकडं उतरलाय. हितं पानीच न्हाई तर ऱ्हातोय कशाला? आमी बी आटवड्यात वस्ती हलीवतुया." तिनं पेलाभर पाणी दिलं, कॅनमधलं, कोमट. "भाऊ, येक काम करा. करिष्मा म्हनती, मोबाईलमदी आपलं पानी दावत्यात. माझी नातच ती, खोटं कशाला बोलंल? त्या कंपनीला पत्र ल्हिवा. म्हनावं, मेंढरांचं पानी हाय, दावू नगा. पत्ता तुमास्नी ठावंच असंल."

ठाऊक असणारच… मुळशीत कुठल्या उंबऱ्यावर कोण, हे तो झोपेतही सांगेल. आणि या कंपनीला उंबराच नाही. तिला मात्र तो आत्ता कुठं उभा आहे, हेही ठाऊक.

"कुनी घातलं ते, त्याचं नाव बी खाली असतंय म्हनं," तुकाबाई करडाकडं बघतच म्हणाली. "करिष्मा वाचाय लागली, मी म्हनलं नगं. आपल्यातलंच कुनीतरी असनार. नाव कळल्यावर त्याचं तोंड कसं बगायचं?"

त्यानं पिशवीतून अंतर्देशीय पत्र काढलं. अजूनही एखाददुसरं जवळ असे. पत्त्याच्या ओळी कोऱ्याच राहिल्या. मागं, पाठवणाऱ्याच्या जागी, त्यानं सवयीनं नाव लिहिलं – स्वतःचं, पूर्ण – आणि पेन थबकलं. सकाळपासून घोटाघोटानं गिळलेला संताप होता कुठं? कंपनीसाठी राखून ठेवलेला सगळा राग शोधूनही सापडेना. उरली होती ती नुसती लाज, आणि तिला कुठंच पाठवता येत नव्हतं.

"काय ल्हिवलं?" तुकाबाईनं करडू खाली ठेवलं. तिच्यासाठी लिहिलेला प्रत्येक शब्द तो आजवर तिला वाचून दाखवत आला होता. "वाचा की, भाऊ."

त्यानं चष्मा पुसला, पत्र उजेडाकडं धरलं. एकच तर ओळ होती.