नाकावरचा चुना

मित्रांनो, मी एक जुना फुटबॉल आहे; पण मला लाथाडणाऱ्यांपेक्षा छातीशी धरणारेच जास्त भेटले. तुमच्या ओळखीचा गोल चेंडू मी नव्हे. माझी दोन्ही टोकं निमुळती आहेत, पाठीवर दोरीची वीण आहे, आणि आमच्या अमेरिकेत मला हातांनी फेकतात, हातांनीच झेलतात. लांब धावत जाऊन जो मला झेलतो त्याला रिसीव्हर म्हणतात. माझ्या आयुष्याचं सोनं आणि माती, दोन्ही अशाच दोन रिसीव्हरांनी केली.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. चामड्याचे चार तुकडे आधी उलटे शिवले, वाफेवर मऊ केले, आणि मग एका दणकट माणसाने मला आतून बाहेर ओढून सुलटं केलं. जीव नकोसा झाला होता. पण आतलं बाहेर आल्याशिवाय आकार येत नाही, हे मी तिथेच शिकलो.

तिथून मी मिसिसिपीतल्या सायप्रस बेंड गावी आलो. तिथल्या शाळेचा संघ म्हणजे हेरन्स. हेरन म्हणजे बगळा, आणि आमच्या संघातली पोरंही तशीच लांब तंगड्यांची. त्यातल्या अ‍ॅमॉस टार्व्हरचे हात मला सगळ्यात आवडायचे. कितीही जोरात या, ते हात थोडे मागे सरून मला घ्यायचे, जणू झोपलेलं मूल उचलताहेत. सराव संपला की तो मला आपल्या सदऱ्याने पुसायचा. इतरांना ते कधी सुचलं नाही.

दुसरा रिसीव्हर लूशस क्रेन्शॉ. वेगवान, देखणा, हसरा. अ‍ॅमॉसचा जिवलग मित्र.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी आम्ही राज्याच्या अंतिम सामन्यात पोहोचलो. त्या दिवशी अ‍ॅमॉसने मला नऊ वेळा झेललं. तरी अखेरचे सहा सेकंद उरले तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे होतो. शेवटचा डाव सुरू झाला; मैदानाच्या टोकाशी मला कुणी झेललं तर सहा गुण आमचे. समोरच्या संघाचे तीन गडी अ‍ॅमॉसच्या मागे धावले, कारण धास्ती त्याचीच होती. म्हणून पलीकडच्या कोपऱ्यात लूशस मोकळा सापडला. मी त्याच्याकडे झेपावलो. त्याने सूर मारला.

आता जे सांगतो ते मी चव्वेचाळीस वर्षं कुणाला सांगू शकलो नाही. त्याचे हात माझ्याखाली येण्याआधी माझं नाक जमिनीला लागलं. चुन्याने आखलेल्या पांढऱ्या रेषेवर. मग त्याने मला मिठीत दाबलं, कोलांटी घेतली आणि उठला. तुमच्या क्रिकेटमध्ये टप्पा पडलेला चेंडू झेल ठरत नाही, आमच्यातही नाही. पण पंच लूशसच्या पाठीमागे होता. त्याने दोन्ही हात आकाशाकडे उभारले, आणि सारं गाव मैदानात लोटलं.

गावातले न्हावी ओथा पेटवे तेव्हा तरुण होते. त्यांनी आपल्या दुकानात माझ्यासाठी काचेची पेटी बनवली आणि ती आठ पेचांनी बंद केली. बजावून सांगितलं, "याला कुणी पुसायचं नाही. नाकावर चुना बघा! विजयाच्या रेषेचा चुना आहे तो!"

लोक लेकराबाळांना घेऊन यायचे, काचेला नाक लावून तो डाग बघायचे. मित्रांनो, चूक कुणी लपवून ठेवली नव्हती. ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. रोज तिचीच पूजा चालली होती.

पहिली काही वर्षं बरं वाटलं. कौतुक कुणाला नको असतं? पण हळूहळू पेटी अंगावर आली. दुपारचं ऊन काचेतून भाजायचं. माझी हवा थोडीथोडी करत गेली, गाल बसले. बाहेर मोसम येत होते, जात होते, नवे चेंडू उडत होते. मला दिसायचं सगळं, ऐकू यायचं सगळं. हलता मात्र यायचं नाही.

दर शनिवारी दुकानात एकच वाद रंगायचा. हेरन्सच्या इतिहासातला सर्वांत मोठा रिसीव्हर कोण?

"त्यात वाद कसला?" निवृत्त पोस्टमन क्लिओफस सुरुवात करायचे. "लूशस! पेटीत बसलाय तो पुरावा."

"क्लिओफस, तुझ्या डोक्यावर एक केस नाही. तू न्हाव्याकडे येतोस कशाला?" ओथा विचारायचे.

"जीभ परजायला."

मग दारातून मिस वर्डेल यायच्या. अ‍ॅमॉसची थोरली बहीण. तो शाळेत असताना सामन्यांची नोंदवही त्याच लिहायच्या, आणि ती वही अजून त्यांच्या पिशवीत असे.

"आली बघा वही!" क्लिओफस हात जोडायचे.

"हो, आली. तीन वर्षांत एकशे अकरा झेल. हातातून सुटलेले किती, माहितेय? दोन. लूशसचे सुटलेले वाचू का?"

"बाई, आकडे चर्चमध्ये नाही गात कुणी. गातात तो शेवटचा झेल!"

"तेच तर म्हणते मी. एका झेलाने माझ्या भावाचे एकशे अकरा गिळले."

सगळे हसायचे. त्याही हसायच्या, पण वही घट्ट मिटून पिशवीत टाकायच्या. अ‍ॅमॉस लाकूड कापायच्या गिरणीत राबून सहा वर्षांपूर्वी वारला होता. त्याच्या दफनाच्या दिवशीसुद्धा कुणीतरी म्हणालं होतं, "लूशसच्या त्या सामन्यात हाही होता ना?"

आणि लूशस? तो आता समोरच्या चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाद्रींच्या मदतीचा सेवेकरी होता, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा भला माणूस. केस कापायला यायचा तेव्हा ओथांना म्हणायचा, "खुर्ची जरा फिरवा. ऊन डोळ्यांवर येतं." ऊन दुसऱ्या बाजूने यायचं. खुर्ची फिरली की त्याची पाठ माझ्याकडे व्हायची. तेव्हा मला कळलं, पेटीत आम्ही दोघं होतो.

या वर्षी शाळेने नवं क्रीडागृह बांधलं. भिंतीवर सर्वांत मोठ्या रिसीव्हरचं नाव आणि त्याच्या सदऱ्यावरचा क्रमांक रंगवायचं ठरलं. मतं टाकायला ओथांच्या दुकानात कॉफीचा डबा ठेवला. शनिवारी दुपारी बारा वाजता डबा उघडायचा होता. मिस वर्डेल दारोदार वही दाखवत फिरल्या. त्यांना ठाऊक होतं, या वेळी अ‍ॅमॉसचं नाव राहून गेलं तर ते कायमचंच राहून जाईल.

त्याआधीच्या रविवारी दुकान बंद होतं, मी एकटाच होतो. समोरच्या चर्चच्या खिडक्या उघड्या होत्या. तिथले पाद्री रेव्हरंड गेदर उपदेशाला उभे राहिले. मित्रांनो, त्यांचा उपदेश ऐकायचं भाग्य मला पेटीतही लाभलं, ही देवाची कृपा. ते आधी साधं बोलतात, घरातल्यासारखं. मग बोलता बोलता शब्दाला सूर फुटतो, ऑर्गन त्या सुराला धरून चालू लागतो, आणि बघता बघता आख्खं निरूपण गाणं होऊन जातं.

"देव द्यायला आलाय," ते गात होते, "पण तुझी मूठ बंद! काय धरून बसलायस, लेकरा?"

"सांगा, रेव्हरंड!" लोक ओरडले.

"जे तुझं नाही तेच धरून बसलायस! मूठ उघड, लेकरा, मूठ उघड!"

ऑर्गन गरजला, टाळ्या उठल्या, काच माझ्याभोवती थरथरली. पहिल्या रांगेतून एरवी ज्याचा आवाज सर्वांत मोठा यायचा, त्या डीकन लूशसचा आवाज त्या दिवशी आला नाही.

शनिवार उजाडला. दुकान गच्च भरलं. बाराला पाच मिनिटं कमी असताना लूशस आला. ओथांनी सवयीने खुर्ची फिरवली.

"नको," तो म्हणाला. "राहू दे तशीच."

तो थेट माझ्यासमोर उभा राहिला. "ओथा, या नाकावरचा चुना आला कुठून?"

"कुठून म्हणजे? रेषेवरून."

"चेंडू माझ्या हातात होता, तर रेषेला लागला कधी?"

दुकानातली कात्री थांबली.

"तो झेल नव्हता," लूशस म्हणाला. "आधी जमिनीला लागला. मला त्याच क्षणी कळलं होतं."

क्लिओफस खुर्चीतून उठले. "डीकन, अहो, त्या एका दिवसावर हे गाव उभं आहे! मग काय, आपण हरलो?"

"हरलो."

"चव्वेचाळीस वर्षांनी?"

"क्लिओफस, गप्प बस," ओथा म्हणाले.

मिस वर्डेल जागच्या हलल्या नाहीत. "अ‍ॅमॉसला माहीत होतं?"

लूशस त्यांच्याकडे वळला. "मी उठलो तेव्हा सगळ्यात आधी त्यानेच मिठी मारली. कानात म्हणाला, 'धरलास ना रे?' मी म्हणालो, 'धरला.' पुन्हा त्याने कधी विचारलं नाही. मी रोज वाट पाहिली त्याच्या विचारण्याची."

मग मिस वर्डेलनी वही उघडली, शेवटच्या पानावरच्या त्या झेलाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि पेन्सिल पुढे केली.

"मी नाही खोडणार. तूच खोड."

त्याने ती ओळ खोडली. मग खिशातली चिठ्ठी काढून सगळ्यांना दिसेल अशी डब्यात टाकली. तिच्यावर अ‍ॅमॉसचं नाव होतं. दोघातिघांनी आपली चिठ्ठी बदलायला परत मागितली. क्लिओफस पुटपुटत आले, पण आलेच.

ओथांनी पेचकस आणला. आठही पेच गंजले होते. एकेक सुटताना कुरकुरला, आणि माझ्या अंगाला वारा लागला. मित्रांनो, तो वारा कसा होता हे सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. ओथांनी पंपाने हवा भरली. जुनी शिवण सुस्कारत होती, तरी मी फुगलो.

लूशस खिशातून रुमाल काढून माझं नाक पुसायला लागला. "राहू दे," मिस वर्डेल म्हणाल्या. त्यांनी मला उचललं आणि बाहेर रस्त्यावर गेल्या. भर उन्हात सारं दुकान पायऱ्यांवर जमलं.

"पळ, लूशस."

"वर्डेल, माझे गुडघे..."

"पळ म्हणते ना!"

बासष्ट वर्षांचा डीकन चर्चच्या दिशेने धावला. बाईंनी मला फेकलं. मी वाकडातिकडा, हवा गळत, डुगडुगत गेलो. जमीन वर येताना दिसली, तीच जुनी जमीन. पण या खेपेला माझ्या आणि तिच्यामध्ये दोन हात आले. ते थोडे मागे सरले आणि त्यांनी मला घेतलं.

लूशस मला छातीशी धरून रस्त्यातच गुडघ्यांवर बसला. मिस वर्डेल चालत आल्या. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता धरलास," त्या म्हणाल्या.

भिंतीवर आज अ‍ॅमॉस टार्व्हरचं नाव आहे. मी शाळेच्या जाळीच्या पिशवीत असतो. पोरं अधूनमधून मला बाहेर काढतात, चार वेळा फेकतात, माझी हवा जाते, हसतात आणि पुन्हा भरतात. हल्ली शिवणीपाशी चामडं फाटू लागलंय. फार दिवस टिकेन असं वाटत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी एखादी कौतुकाची वस्तू काचेत असेल तर तिला कधीतरी बाहेर काढा, पुसा, हातात घ्या. आणि तिच्यावर डाग दिसला तर तो लागला कसा, एवढं जरूर विचारा. तिथेच कुणीतरी तुमच्या विचारण्याची वाट पाहत, पाठ फिरवून बसलेलं असेल.