आधी पडदा, मग भांडं

मी एक जुना बेडपॅन आहे. हसून घ्या, मित्रांनो. माझं नाव निघालं की माणसं आधी नाक मुरडतात, मग हसतात. अंथरुणाला खिळली की मात्र माझ्याच नावाने हाका मारतात.

स्टीलच्या एकाच पत्र्यातून आम्ही भाऊ निघालो. काहींची पातेली झाली, काहींची ताटं झाली. त्यांना घासूनपुसून फळीवर मांडतात. माझ्या वाट्याला पलंगाखालची जागा आली. पण पहिली वर्षं चांगली गेली. वॉर्डात एक म्हातारी सिस्टर होती. ती मला गरम पाण्याखाली धरायची, कोरडं पुसायची आणि स्वतःच्या मनगटाला लावून बघायची. मग पलंगाभोवती पडदा ओढायची, आणि त्यानंतरच मला पुढे करायची. "आधी पडदा, मग भांडं," हे तिने नव्या पोरींच्या अंगवळणी पाडलं होतं. रोगी मोठा की छोटा, खोलीतला की वॉर्डातला, हे तिने कधी विचारलं नाही. मला तर ते कळतच नाही. माझ्यावर टेकताना सगळी माणसं सारखीच लाजतात.

ती गेली आणि इन्चार्ज बाई आल्या. कामाला वाघ. चादरीवर सुरकुती खपवून घ्यायच्या नाहीत. पण माणसांच्या त्यांनी दोन राशी केल्या होत्या. जादा पैसे भरून खोलीत राहणारे ते पेशंट, आणि वॉर्डातले ते नुसते पलंग. "दाराजवळचा पलंग फार कुरकुर करतोय," असं त्या खुशाल म्हणायच्या. खोल्यांना गरम पाणी पुरत नाही, अशी तक्रार आली, तेव्हा त्यांनी बॉयलरवाल्याला वॉर्डाकडचा व्हॉल्व्ह बंद करायला सांगितला. त्याने केला. हुकुमाचा ताबेदार, तो कशाला विचारतोय? त्या दिवसापासून मी गार पडलो.

या बॉयलरवाल्याची बायको इस्पितळाच्याच लाँड्रीत होती. इन्चार्ज बाईंचे कडक इस्त्रीचे पांढरे कोट तिच्याच हातून जायचे. तुमच्या वाफेवर माझं दुकान चालतं, असं ती नवऱ्याला चिडवायची. तुझ्या साबणावर माझी अब्रू टिकून आहे, असं तो म्हणायचा.

तिच्या पोटात गाठ निघाली आणि ती दाराजवळच्या पलंगावर आली. भेटीची वेळ होती. बाहेर माणसांची ये-जा चालू होती. तिला उठवत नव्हतं, म्हणून तिने हाक मारली. इन्चार्ज बाईच समोर होत्या. त्यांनी पांघरूण बाजूला फेकलं आणि मला तिच्याखाली सारलं. ती गारठ्याने दचकली. पण तिने मागितलं ते दुसरंच.

"बाई, पडदा तेवढा ओढा."

"तुला कोण बघायला बसलंय?" बाई जाता जाता म्हणाल्या, आणि एका खोलीत कुणाची तरी फुलं पाण्यात ठेवायला गेल्या. तिकडेच रमल्या.

दार सताड उघडं. काहींनी बघितलं, काहींनी मान फिरवली. तिची थरथर माझ्यात उतरत होती. मी तरी काय करणार? पत्र्याला पाय नसतात. शेवटी नवरा डबा घेऊन आला आणि दारातच थिजला.

"अहो," ती म्हणाली, "आधी पडदा ओढा."

नंतर तिने नवऱ्याकडे एकच मागणं केलं. बाईंनी एकदा पलंगापाशी येऊन चुकलं म्हणावं. बाकी काही नको. तो बाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. बॉयलरवाल्याने बॉयलर बघावा, असं उत्तर मिळालं. तो पुन्हा गेला, पुन्हा परत आला. ती दाराकडे डोळे लावून होती. त्याच आठवड्यात पलंग रिकामा झाला. बाई आल्या नाहीत.

तिचं सामान न्यायला तो आला, तेव्हा त्याने मला पलंगाखालून काढलं आणि बराच वेळ हातात धरलं. तेव्हाच आमच्या दोघांची मसलत झाली, असं मी समजतो.

बाई निवृत्त झाल्या. मोठा समारंभ झाला. सभागृह भरलं, भाषणं झाली. बाईंनी सर्व रुग्णांना एकाच नजरेने पाहिलं, असं एका डॉक्टरांनी सांगितलं. मग कामगारांतर्फे भेट द्यायला बॉयलरवाला मंचावर चढला. त्याने मला सकाळपासून बर्फात पुरून ठेवलं होतं. वर चकचकीत कागद, त्यावर फीत. बाईंनी हसत हसत कागद सोडला, आणि त्यांच्या बोटांना मी असा डसलो की काय सांगू. मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

"खाली ठेवू नका, बाई. धरा जरा," तो म्हणाला. "गार लागतंय ना? माझ्या बायकोलाही लागलं होतं. व्हॉल्व्ह मी बंद केला. माझ्या वाटणीचं मी रोज भोगतोय. तुमच्या वाटणीचं एका शब्दात सुटेल. चुकलं म्हणा."

बाई गोंधळल्या. "कोण तुझी बायको?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. मित्रांनो, बर्फापेक्षा गार काय असतं, ते मला तेव्हा कळलं.

मी त्यांच्या हातात होतो. मला कुठे ठेवावं, ते त्यांना सुचत नव्हतं. आता सगळं सभागृह बघायला बसलं होतं. मला वाटलं, बघा. डोळे भरून बघा. कोणी मान फिरवू नका.

तेवढ्यात म्हाताऱ्या सिस्टरच्या हाताखाली तयार झालेली एक नर्स उठली, मंचाच्या कडेला गेली आणि तिने दोरी खेचली. पडदा सरकन ओढला गेला. कोणासाठी ओढतेय, हे बघायला ती थांबलीसुद्धा नाही. अंगवळणी पडलं होतं. पडद्याआड बाईंनी मला खुर्चीवर टाकलं आणि मागच्या दाराने निघून गेल्या. चुकलं म्हणाल्या नाहीत. अजून नाहीत.

बॉयलरवाल्याने मला वॉर्डात परत आणून ठेवलं. त्याच दिवशी त्याने कोणाला न विचारता व्हॉल्व्ह उघडला. तो बंद करायला सांगायची नंतर कोणाची छाती झाली नाही. आता त्या नर्सच्या हाताखालच्या पोरी मला प्रत्येकासाठी गरम करतात आणि प्रत्येकासाठी पडदा ओढतात.

मी मात्र काही विसरलेलो नाही. वय सगळ्यांना माझ्यापाशी आणतं. बाईंनाही आणेल. त्या दिवसाची मी वाट बघतोय. सलतं ते एवढंच, की त्या दिवशीही एखादी पोर मला गरम पाण्याखाली धरेल, पुसेल आणि आधी पडदा ओढेल. पलंगावर कोण आहे, हे ती विचारणार नाही.

मित्रांनो, तुम्हीही विचारू नका. तुमच्या हाताखाली कोणीही येवो, त्या बाई आल्या तरी, आधी पडदा, मग भांडं. आणि ते गरम असू द्या. मला कसं हवंय, ते मला विचारायला येऊ नका. मी गारच म्हणेन.