एका हातानं घालायचा शर्ट

"साहेब, उजवा हात द्या जरा," ताई म्हणाली आणि गळ्यातली टेप काढून तिनं तो हात त्यांच्या अंगालगत बांधूनही टाकला.

साहेब आमचा कारखाना विकत घ्यायला आलेल्या कंपनीचे. करारावर फक्त सह्या राहिल्या होत्या. तेवढ्यात ते सहज म्हणाले, "या शर्टाची टिचबटणं काढून साधी काजं-बटणं लावू. खर्च वाचेल." झालं! ताईनं पेन खाली ठेवलं.

"आता हा साधा शर्ट घाला बघू."

साहेब डाव्या हातानं बाही शोधू लागले. कॉलर कानावर चढली. पहिल्या बटणाशीच कपाळावर घाम आला. त्यांचा वकील खिडकीबाहेर बघत हसू दाबत होता.

"ताई, पुरे," मी कुजबुजले. ताईनं साठी ओलांडली होती, बोटं आखडायला लागली होती. लांबलांबच्या गावांतून शर्टासाठी फोन यायचे आणि आम्ही पुरे पडत नव्हतो. साहेब रागावून उठले असते, तर आमच्या चाळीस बायकांचं पुढं काय?

पण ताईनं दोनदा तोंड पोळून घेतलेलं होतं.

पहिल्यांदा शाळेची दप्तरं. तेव्हा ती पंचविशीची, अंगात बारा हत्तींचं बळ. एकेका दप्तराला नऊ कप्पे, दुहेरी शिवण, जाड कापड. "पोरगं कॉलेजात जाईल तरी फाटणार नाही," असं दुकानदारांना छातीठोकपणे सांगायची. दप्तर फाटलं नाहीच. पण ते रिकामंच इतकं जड होतं की पोरांना उचलवेना. सगळी परत आली. पुढं दोन वर्षं आमच्या घरात कांदेबटाटेसुद्धा दप्तरात राहायचे.

मग हॉटेलवाल्यांचे एप्रन. काम चोख, पण गिऱ्हाईक एकच. त्या हॉटेलाचा मालक बदलला आणि एका फोनवर आमची सहा मशिनं बंद पडली. बायकांना घरी पाठवताना ताई प्रत्येकीला दारापर्यंत सोडायला गेली. आत येऊन म्हणाली, "त्यांचं काही चुकलं नाही गं. सगळं ओझं एकाच खुंटीला मीच टांगलं."

नंतर बाबांना अर्धांगवायू झाला. त्यांना शर्ट घालायचा म्हणजे आम्हा दोघींची झटापट आणि बाबांच्या डोळ्यांत पाणी. एक दिवस ते म्हणाले, "नकोच घालू. बनियनवर राहतो. कोण येतंय मला बघायला?"

पूर्वीची ताई असती, तर त्याच रात्री दोनशे शर्ट कापायला बसली असती. या वेळी तिनं एकच शिवला, खांद्यापासून बाहीपर्यंत उघडणारा. बाबांच्या समोर स्टूल घेऊन बसली आणि मी मदतीला उठले तर माझा हात धरून ठेवला. "बघू दे मला, कुठं अडतंय ते." सात वेळा उसवून आठव्यांदा जमला. बाबांनी स्वतः शर्ट घातला, शेवटचं बटण छातीवर दाबून टिच् केलं आणि म्हणाले, "आरसा आणा."

त्यानंतर ती तो शर्ट घेऊन दवाखान्यांतून फिरली. एकाच दवाखान्यावर विसंबायचं नाही, हे ठरलेलं. प्रत्येक ठिकाणी पेशंटच्या पायाशी गप्प बसायची. बडबडी ताई इतकं गप्प बसायला कधी शिकली, मला कळलंच नाही.

"आता आमचा घाला," ताई साहेबांना म्हणाली.

साहेबांनी तो अंगावर ओढला. टिच्, टिच्, टिच्. मान खाली घालून त्यांनी एकेक बटण चाचपून पाहिलं.

"माझ्या सासऱ्यांचाही एक हात असाच..." ते म्हणाले. मग वकिलाकडे वळून, "टिचबटणांचं कलम घाला करारात."

"हात सोडू का?" ताईनं विचारलं.

"आधी कलम लिहू द्या," साहेब म्हणाले आणि पहिल्यांदाच सगळे मोकळेपणानं हसले.

सहा-सात महिन्यांनी शेजारच्या काकांचा हात लुळा पडला म्हणून आम्ही शर्ट घ्यायला बाजारात गेलो. दुकानात आमचाच शर्ट होता. खोकं नवं, नाव नवं.

"आजी, हा साधा शर्ट नाही हं," विक्रेती म्हणाली. "बसा, दाखवते. आधी दुखरा हात आत घ्यायचा, मग चांगला. उलट करायचं नाही."

मी तोंड उघडलं. ताईनं माझ्या हातावर हात ठेवला.

त्या मुलीनं एकेक बटण लावून दाखवलं. "फार डोकं लावलंय बघा कुणीतरी."

"हो का?" ताई म्हणाली. "आणि काढताना कसं करायचं?"

मुलगी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. ताई स्टुलावर जरा पुढं सरकून, मान हलवत ऐकत राहिली.