फिदेलने खोटं वाजायला हवं होतं

मी एक जुनी युद्धनौका आहे. निम्म्याहून अधिक मोडून झाले आहे, म्हणून उरलेलं लवकर सांगते.

मित्रांनो, माझा जन्म फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदरातला. गुलवेन नावाच्या सुताराने माझी ओकची फळी न् फळी बसवली. प्रत्येक फळीवर तो हातोडी मारायचा, कान लावायचा आणि आवाज भरीव आला तरच पुढे सरकायचा. "पोरी, खोटं वाजायचं नाही," असं मला बजावायचा. माझं नाव ठेवलं 'फिदेल', म्हणजे इमानी.

चार वर्षांनी एका लढाईत इंग्रजांनी माझ्या डोलकाठ्या उडवल्या आणि मला ओढून नेलं. नाव मात्र बदललं नाही. जिंकलेल्या नौकेचं जुनं नाव मिरवण्यात त्यांना मोठी मौज वाटते. अकरा वर्षं मी माझ्याच माणसांवर तोफा डागल्या. थकले, तेव्हा पोर्ट्समथच्या चिखलात रुतवून त्यांनी माझा तुरुंग केला.

कैदी फ्रेंचच. एके सकाळी त्यांत गुलवेन आला. दुसऱ्या जहाजावर पकडला गेला होता, केस पिकले होते. त्याने मला लगेच ओळखलं.

त्याचा सोबती मातुरँ खिदळला, "काय रे, तूच बांधलीस ना ही? एखादी फळी कच्ची ठेवायला काय झालं होतं तुला?"

"मला काय स्वप्न पडलं होतं, मीच राहायला येणार म्हणून?" गुलवेन म्हणाला.

घरी त्याची लेक होती, रांगती सोडून आलेला. तिच्याकडे पळून जायला त्याने एका सुरीने तीन महिने माझी कूस आतून पोखरली. खड्ड्यावर पावाचा लगदा आणि काजळी थापायचा. शेवटी बाहेरचा पापुद्राच उरला. दुसऱ्या दिवशी तो फोडून उडी मारायची, असं ठरलं. मला दुखत होतं, पण फार वर्षांनी बरं वाटत होतं.

रोज संध्याकाळी पहारेकरी लोखंडी पहारीने माझ्या बाजू ठोकत फिरायचे. तोवर लाकूड जाड होतं, त्यांना कळलं नव्हतं. त्या संध्याकाळी प्रॅट हवालदाराने तिथेच पहार मारली. भरीव वाजावं म्हणून मी सगळा जीव एकवटला. पोकळच वाजले.

"नावाला जागलीस बाई," म्हणत प्रॅटने मला थोपटलं. मला मिळालेली ती शेवटची शाबासकी.

भोक बुजवायचं काम गुलवेनलाच दिलं. त्याने ओकची नवी फळी बसवली, हातोडी मारली. आवाज भरीव आला. कान मात्र त्याने लावला नाही. त्याच हिवाळ्यात तो माझ्या पोटात तापाने गेला.

आता मला जळणासाठी फोडताहेत. आजूबाजूच्या फळ्या निघाल्या, ती एक निघत नाही. मजूर तिला शिव्या घालताहेत.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं शेवटी सांगायची रीत आहे. माझी काळजी सगळ्यांनी घेतली; दोन्ही देशांनी मला डांबर लावलं. तुम्ही काही मजबूत बांधाल, तेव्हा ते उद्या कोणाच्या हाती पडेल, एवढा विचार करा. मी गुलवेनची होते. तेवढ्या त्याच्याच कामी आले नाही.