दोघी विहिणी धबधब्याला जातात

लग्नाला वर्ष उलटलं तरी दोघी विहिणींचं सूत काही जमलं नव्हतं. भांडण असं कधी झालंच नाही. झालं असतं तर निदान चार शब्द तरी बोलल्या असत्या. मुलाच्या आईचं चष्म्यांचं दुकान होतं. भिंतीवर आरसे, काचेच्या कपाटात ओळीने लावलेल्या फ्रेमी. समोरच्याच्या नाकावर चष्मा जरा तिरका दिसला तरी तिचे हात शिवशिवायचे. मुलीची आई शाळेची बस चालवायची. पोरांच्या कलकलाटातून शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज तिने कमावला होता, आणि घरी आल्यावर तो खाली आणायचं तिला सुचायचं नाही. एकीला वाटायचं, ही आडदांड आहे. दुसरीला वाटायचं, ही शिष्ट आहे. भेटल्या की “बरं आहे ना?” “हो, तुमचं?” एवढ्यावर गाडी थांबायची.

एका रविवारी मुलाने आणि सुनेने दोघींना डोंगरावरच्या धबधब्याला न्यायचं ठरवलं. वाट सोपी होती, लहान मुलंही हसत-खेळत चढायची. पण गाडी लावून चौघं जंगलात शिरतात न शिरतात तोच मुलाच्या बुटाचा तळ सुटला आणि पावलागणिक फटाफट आपटायला लागला.

“चला परत, पुन्हा कधीतरी येऊ,” मुलगा म्हणाला.

“तुम्ही दोघं बसा गाडीत,” बसवाली म्हणाली. “मी आलेय तर बघूनच येणार.”

“मग मीही येते,” दुकानवाली म्हणाली. खरं तर तिला परतच जायचं होतं. पण विहीण वर जाणार आणि आपण गाडीत बसून राहणार, हे काही तिच्या पचनी पडेना.

दोघी निघाल्या. पायाखाली पाचोळा, वर दाट झाडी, मधूनच उन्हाचे कवडसे. वाटेत एक झाड आडवं पडलं होतं, त्यावर दोघी दम खायला टेकल्या, तेव्हा बसवालीने तोंड उघडलं.

“तुमचा लेक ओला टॉवेल पलंगावर टाकतो म्हणे.”

दुकानवालीचा चेहरा ताठ झाला. मग ती म्हणाली, “शाळेत होता तेव्हापासून. मी सांगून सांगून थकले. आता तुमची मुलगी बघून घेईल.”

बसवाली इतकी मोठ्याने हसली की झाडावरचे पक्षी उडाले. ते बघून दुकानवालीलाही हसू आवरेना. जरा वेळाने तिने विचारलं, “सकाळी तुमची मुलगी माझ्याशी एक शब्द बोलत नाही. राग आहे का माझ्यावर?”

“छे हो. चहा पोटात जाईपर्यंत ती माझ्याशीही कधी बोलली नाही. कपाकडे बघायचं, कप रिकामा झाला की बोलायचं.”

“वर्षभर मी मनाला लावून घेतलं होतं,” दुकानवाली हळूच म्हणाली, आणि तिच्या छातीवरचा धोंडाच उतरला.

तिथून पुढे वाट कधी संपली ते कळलंच नाही. झाडी बाजूला सरली आणि समोर काळ्या कातळावरून पाणी धो-धो कोसळत होतं. तुषार थेट तोंडावर येत होते. पाय तेवढे बुडवू म्हणून दोघी पाण्यात उतरल्या, पाय बुडाले तसे गुडघे बुडाले, आणि मग बसवालीने विहिणीचा हात धरून तिला सरळ धारेखाली ओढलं. दुकानवाली किंचाळली, नाकातोंडात पाणी गेलं, आणि मग लहान मुलीसारखी पाणी उडवायला लागली. त्या गडबडीत तिचा चष्मा पाण्यात गेला.

बसवालीने वाकून वाकून तळ चाचपला. हाताला फक्त गोटे लागले.

“राहू दे,” दुकानवाली म्हणाली. “दुकान भरून चष्मे आहेत, आणि मी इथे आंधळी उभी.” यावर दोघींना असं हसू फुटलं की पाण्यातच बसायची वेळ आली.

उतरताना मात्र तिला सगळं धूसर दिसत होतं. एका उतारावर ती थबकली. “मला भीती वाटते हो.”

“माझा हात धरा. मी रोज बसभर पोरं सांभाळून नेते, तुम्ही तर एकट्याच आहात.” आणि बसवाली तिला नेऊ लागली. “डावीकडे वळण. पुढे खड्डा. आता सावकाश, उतार आहे.” मध्येच वाटेवर एक मूळ वर आलेलं दिसलं आणि ती ओरडली, “अगं, पाय उचल!”

दुकानवालीने पाय उचलला. दोघी जागीच थांबल्या.

“तोंडातून निघून गेलं,” बसवाली म्हणाली.

“बरं झालं. मला ते तुम्ही-तुम्ही जडच जात होतं. चल, पुढे काय आहे सांग.”

गाडीपाशी बसलेल्या नवरा-बायकोने बघितलं तर दोन आया नखशिखांत भिजलेल्या, हातात हात घालून डुलत येत होत्या. “काय झालं?” सुनेने घाबरून विचारलं. दोघी सांगायला लागल्या आणि हसण्यात सगळंच वाहून गेलं. मागची सीट भिजवत त्या वाटभर बोलत राहिल्या. पुढच्या दोघांना तोंड उघडायला फट मिळाली नाही.

गावात शिरल्यावर मुलाने विचारलं, “आई, आधी तुला आपल्या घरी सोडू ना?”

“नको,” त्याची आई म्हणाली. “आधी हिच्याकडे चल. हिचे कपडे घालते आणि जेवूनच येते.”