बुधाजीची बाटली

लेक रियाला घेऊन जगन पाटलाच्या सुकापूरच्या बंगल्यात पाय ठेवतानाच विनायकरावांनी ठरवून टाकलं होतं, ही सोयरीक मोडायची. जमिनी विकून माणूस बिल्डर होतो हो, पण सोफ्यावरचं प्लास्टिक काढायचं असतं एवढंही त्याला कळू नये? उभी हयात मुंबईच्या बड्या हॉटेलात वाइन पारखण्यात गेली, आणि आता व्याही कोण, तर हा! रियाला कॉलेजात याचाच पोरगा भेटायचा होता. शिव शिव!

लेकीला तोंडावर नाही म्हणायची मात्र त्यांची छाती नव्हती. संधी जगननंच आणून दिली. त्याचा बाप बुधाजी बंदराच्या कामावर होता, तिथल्या फ्रेंच साहेबानं जाताना त्याला एक बाटली दिली होती. म्हातारा गेला, बाटली भाताच्या कणगीत तशीच राहिली. आज व्याही येणार म्हणून जगननं ती बाहेर काढली.

विनायकरावांनी लेबल वाचलं. फ्रान्सची नामांकित बरगंडी, लाल, १९९० ची! गाढवाला गुळाची चव काय, असं मनात म्हणत त्यांनी बूच अलगद काढलं. ग्लास पुढे करताच जगननं हात आडवा घातला.

"थांबा सायेब. पयली आमच्या बापाची."

त्यानं ओंजळीत थोडी घेतली, बुधाजीच्या फोटोपुढे जमिनीवर शिंपडली आणि हात जोडले. थेट मार्बलवर! विनायकरावांनी नाक मुरडलं.

मग त्यांनी वाइन ओतून ग्लास उजेडात धरला. कडेला मुरलेल्या वाइनची विटकरी छटा आली होती. हुंगलं. सुकलेला गुलाब, रानातली ओली माती, मागाहून चेरी. घोट घेतला आणि त्यांचे डोळे आपोआप मिटले. दुसऱ्यांना ओतून देण्यात आयुष्य गेलं, स्वतःच्या जिभेवर अशी वाइन कधी आली नव्हती. आणि आली ती या माणसाच्या कणगीतून! त्यांना भयंकर राग आला.

"कशी हाय?" जगननं विचारलं.

"व्हिनेगर झालंय. ओतून द्या," विनायकराव म्हणाले. "वस्तू जपायलाही संस्कार लागतात, जगनशेठ."

तो भडकेल, दोन शिव्या हासडेल आणि बोलणी तिथंच फिसकटतील, हा त्यांचा हिशेब. जगन भडकला नाही. फोटोपुढे जाऊन त्यानं दोन्ही कान धरले. "चुकलो, बा. नासकी वाहिली तुला." त्याची बायको वेणू डोळे टिपत फरशी पुसायला वाकली.

रियानं बापाच्या हातातला ग्लास काढून घेतला. त्यांनीच शिकवलं होतं तसं हुंगलं, घोट जिभेवर फिरवला.

"काकू, पुसू नका. काका, वाइन उत्तम आहे. आजोबांना चांगलीच पोचली. बाबा खोटं बोलले."

 जगननं विनायकरावांकडे नीट पाहिलं. मग बाटली उचलली आणि रियाच्या हातातून ग्लास घेऊन त्यांच्यासाठी काठोकाठ भरला, दारावर आलेल्याला वाढावं तसा.

"प्या," तो म्हणाला. "नायतर जीव अडकेल तुमचा त्यात."

ग्लास ठेवावा, उठावं आणि चालू पडावं, असं विनायकरावांना मनापासून वाटत होतं. लेकीच्या देखत ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.